शेतांतील बिनतारी ठाणीं व त्यांच्या विजेची काटकसर

खाडीकांठच्या शेतकऱ्यास बांधाची राखण म्हणजे काय हें सांगावयास नको. बाहेरकांठा एके ठिकाणीं फुटला, किंवा उघाडीचें झांकण एखादे रात्रीं नीट मिटलें नाहीं, तर खारें पाणी खाचरांत शिरतें आणि त्या जमिनीस पुन्हां गोडी येण्यास दोन-दोन, तीन-तीन पावसाळे जातात. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा खारट जमिनींत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, व त्यांचा लाभ आपल्यापैकीं पुष्कळांनीं घेतलाही आहे. परंतु जात कितीही काटक असली तरी नुकतें लावलेलें रोप भरतीच्या पाण्यांत बुडून राहिल्यास वांचत नाहीं. यास्तव बांधावर बिनतारी ठाणीं बसवून पाण्याची पातळी घरबसल्या मोबाइलवर पाहण्याची टूम अलीकडे निघाली आहे. टूम वाईट नव्हे. मात्र हीं ठाणीं ज्या विजेवर चालतात ती पुरवून कशी वापरावी, हें न समजतां तीं बसविलीं तर काय होतें, तें प्रस्तुत लेखकानें स्वतःच्या शेतावर पाहिलें आहे.

लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली. विद्युत्शास्त्राचें शिक्षण त्यास नाहीं. म्हणून पुढें जें लिहिलें आहे तें शास्त्रज्ञाच्या अधिकारानें नसून, ठेंच लागल्यानंतर मनुष्य जितकें शिकतो तितक्याच आधारानें आहे.

गेल्या वर्षीं आषाढांत लावणी आटोपल्यावर आमच्या भाच्यानें, तो एंजिनिअरिंगच्या कॉलेजांत शिकतो, उघाडीपासून घरापर्यंत सात ठाणीं उभीं केलीं. अंतर सुमारें ७०० मीटर. दर १०० मीटरांस एक ठाणें. प्रत्येक ठाणें म्हणजे नारळाएवढी एक पेटी. तिच्यांत पाण्याची उंची जाणणारा एक संवेदक, एक चिमुकलें गणकयंत्र, निरोप पाठविणारें व घेणारें एक बिनतारी यंत्र आणि भिंतीवरील घड्याळास घालतों तसले दोन सेल. उघाडीवरच्या सातव्या ठाण्यानें निरोप सहाव्यास द्यावा, सहाव्यानें पांचव्यास, असें करीत तो घरीं पोंचावा, अशी योजना होती. पाणी ठरविलेल्या रेघेच्या वर चढलें तरच निरोप यावयाचा. एरवीं कांहीं नाहीं. पहिले तीन दिवस चांचणीचे निरोप चोख आले. पांचवे दिवशीं अमावास्येचें उधाण होतें. मोबाइल स्वस्थ होता, म्हणून आम्हीही स्वस्थ झोपलों. सकाळीं उघाडीवर गेलों तों झांकणांत एक ओंडका अडकलेला, व खालच्या खाचरांत गुडघाभर खारें पाणी. सातही पेट्यांतील सेल आदले रात्रींच मेले होते.

“मामा, निरोप आला नाहीं म्हणून आपण निर्धास्त राहिलों,” भाचा खजील होऊन म्हणाला.

“निरोप्या मेला, तर तें सांगायला येणार कोण?” एवढेंच मी बोललों. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. पूर्वी उधाणाच्या रात्रीं कंदील घेऊन जाणारे आमचे पाय त्या रात्रीं घरांत राहिले, हा दोष माझा.

आतां हे सेल चौथ्या दिवशींच कां मेले, याचा हिशेब पाहूं. हिशेब सोपा आहे. सेल म्हणजे पाण्याचें टांकें समजावें. असे दोन सेल एकापुढें एक जोडले असतां टांक्यांत सुमारें २००० मापें असतात. शास्त्रांत यास मिलिअँपिअर-तास म्हणतात. एक मिलिअँपिअरची तोटी २००० तास वाहील, वीस मिलिअँपिअरची शंभर तास. या प्रकारच्या ठाण्यांतून फार प्रचारांत असलेलें जें बिनतारी यंत्र आहे, तें बोलतांना सुमारें १७ मिलिअँपिअर घेतें, आणि नुसतें कान देऊन ऐकत बसतांना सुमारें १९. गणकयंत्राचा खर्च दोनाच्या आसपास. म्हणजे वीस धरूं. शंभर तासांचे चार दिवस व चार तास होतात. आमचे सेल हिशेबाप्रमाणें मेले. त्यांत चमत्कार कांहीं नव्हता.

या आंकड्यांत वाचकांनीं एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. बोलण्यापेक्षां ऐकणें महाग आहे. मनुष्याचा अनुभव याच्या उलट. बोलून घसा दुखतो, ऐकून दुखत नाहीं. त्यामुळें प्रत्येक नवशिका आपलीं ठाणीं कमी बोलतील याची काळजी घेतो, आणि तीं रात्रंदिवस कान टवकारून बसलीं आहेत याकडे त्याचें लक्षही जात नाहीं. आमच्या सात ठाण्यांनीं चार दिवसांत सगळें मिळून कांहीं मिनिटेंही भाषण केलें नसेल. तीं मेलीं तीं ऐकून मेलीं.

असाच प्रकार याहून थोर लोकांच्या हातूनही झाला आहे. नेदरलंड देशांत बोर्गर या गांवाजवळ २००५ सालीं बटाट्याच्या शेतांत करप्याची आगाऊ सूचना मिळावी म्हणून संशोधकांनीं सुमारें शंभर ठाणीं पेरलीं. नवी आज्ञावली ठाण्यांतून पसरविण्याच्या खटपटीत यंत्रें अखंड जागीं राहिलीं व चार दिवसांत सर्व सेल संपले. पुन्हां सेल घालून काम चालविलें, तरी तीन आठवड्यांच्या अखेरीस अपेक्षित माहितीपैकीं सुमारें दोन टक्केच हातीं लागली. त्या मंडळींनीं आपली फजिती न लपवितां छापून काढली, हा त्यांचा मोठेपणा. आमच्यासारख्यांस तिचा फार उपयोग झाला.

मग उपाय काय? झोंप. यंत्रास शंभर क्षणांत एकच क्षण जागें ठेवलें, तर सरासरी खर्च विसाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे ०.२ मिलिअँपिअर. झोंपेंतील किरकोळ गळती व संवेदकाचा खर्च मिळवून ०.२५ धरला, तरी तेंच टांकें ८००० तास, म्हणजे सुमारें अकरा महिने पुरतें. उन्हाची धग, सेलची स्वतःची गळती, आणि सेल पुरा रिता होण्यापूर्वींच यंत्र बंद पडणें, हें वजा केलें तरी सहा महिने हिशेबांत धरण्यास हरकत नाहीं. एक पावसाळा पार पडतो.

परंतु येथें लागलीच शंका निघते. सातवें ठाणें हांक मारील तेव्हां सहावें झोंपलेलें असलें तर? या एका प्रश्नावर विद्वानांनीं या शतकाच्या आरंभापासून शेंकडों निबंध लिहिले आहेत. त्यांतील दोनच मार्ग आपणांस समजले तरी पुरे.

पहिला मार्ग दवंडीचा. गांवांत दवंडी द्यावयाची तर डफ वाजविणारा आधीं बराच वेळ डफ वाजवितो, मग मजकूर सांगतो. कारण जो तो आपल्या कामांत असतो. अमेरिकेंत बर्कली येथें २००४ सालीं याच तत्त्वावर एक शिरस्ता बसविला गेला. प्रत्येक ठाणें, उदाहरणार्थ, दर सेकंदास एकदां क्षणभर कान उघडतें. हांक मारणारें ठाणें सेकंदभर डफ वाजवितें. म्हणजे शेजाऱ्याचा कान त्या अवधींत एकदां तरी उघडतोच. यांत खर्चाचा बोजा ऐकणाऱ्यावरून बोलणाऱ्यावर गेला. निरोप क्वचित् असतील तर हा व्यवहार फायद्याचा, वारंवार असतील तर आंतबट्ट्याचा. शिवाय डफ सगळ्यांच्याच कानांवर पडतो आणि ज्यांचें काम नाहीं तेही जागे राहतात. म्हणून २००६ मध्यें त्यांत सुधारणा झाली: लांबलचक डफाऐवजीं नांव घेऊन तुटक तुटक हांका माराव्या, ज्याचें नांव असेल त्यानें ओ द्यावी, बाकीच्यांनीं कूस बदलून झोंपावें.

दुसरा मार्ग पाळीचा. वरच्या ठाण्यानें खालच्यास आधींच सांगून ठेवावयाचें कीं, तुझी वेळ अमुक. त्या वेळेपुरतीं दोघें जागीं होतात. झ्यूरिकच्या तंत्रविद्यापीठांत २००७ सालीं ‘डोझर’ नांवाचा असा शिरस्ता निघाला. त्यांत यंत्र हजार क्षणांत सरासरी दोनच क्षण जागें राहिलें, व आल्प्स पर्वताच्या बर्फाळ कड्यांवर तो वापरला गेला. काटकसरींत हा मार्ग पहिल्याहून सरस. अडचण घड्याळाची. स्वस्त स्फटिकाचें घड्याळ दहा लाखांत वीस ते चाळीस भागांनीं चुकतें. म्हणजे दिवसाकांठीं पावणेदोन ते साडेतीन सेकंद. एकाचें पुढें गेलें व दुसऱ्याचें मागें पडलें तर एका दिवसांत सात सेकंदांचें अंतर पडूं शकतें. भेटीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याची असतां इतकी चूक म्हणजे भेट चुकलीच. आणि एक पेटी उन्हांत व दुसरी नारळीच्या सावलींत असेल, तर दोहोंच्या घड्याळांचा ओढा निरनिराळा. यास्तव प्रत्येक निरोपाबरोबर घड्याळही मिळवून घ्यावें लागतें, आणि ठरल्या वेळेच्या किंचित् आधीं उठावें लागतें.

आतां टप्प्यांविषयीं. निरोप सरळ घरीं न पाठवितां टप्प्याटप्प्यानें कां पाठवावयाचा? मोकळ्या आकाशांत अंतर दुप्पट झालें कीं लहरींस चौपट जोर लागतो. जमिनीलगत, पिकांतून व पाण्यावरून जातांना तो सोळापटीपर्यंतही जाऊं शकतो. म्हणजे मधें एक ठाणें घालून अंतराचे दोन भाग केले, तर दोन्ही टप्पे मिळून मूळच्या निम्मा, किंवा आठवा हिस्सा जोर पुरतो. हें गणित खरें आहे, परंतु पुरें नाहीं, आणि विक्रेते अर्ध्यावरच थांबतात. मधल्या ठाण्यास निरोप घ्यावाही लागतो, व घेण्याचा खर्च अंतरानें कमी होत नाहीं. शंभर-दोनशें मीटरांत यंत्राचा ठरीव खर्चच मोठा असतो. तेथें टप्पे वाढवून वीज वांचत नाहीं, उलट वाढते. टप्पे घालावे ते निरोप सुखरूप पोंचावा म्हणून, आणि लागतील तितकेच.

सुखरूप पोंचण्याचाही हिशेब असतो. समजा, लांबचे दोन टप्पे आहेत व प्रत्येकांत चारांपैकीं एकच निरोप पोंचतो. मग एका निरोपामागें सरासरी चार व चार मिळून आठ वेळां पाठवावें लागेल. त्याच अंतरांत जवळचे चार टप्पे घातले, व प्रत्येकांत दहांपैकीं नऊ निरोप पोंचले, तर साडेचार वेळांहून कमी. येथें चार टप्पे दोहोंपेक्षां स्वस्त पडले. आमच्याकडे पहिल्या खेपेस पेट्या बांधावर गुडघ्याएवढ्या खुंटांवर होत्या. या जातीच्या लहरींस १०० मीटरांच्या टप्प्यांत मधोमध सुमारें पावणेदोन मीटर त्रिज्येची मोकळी वाट लागते. भात पोटरींत आलें कीं ती वाट बुजते. पेट्या बांबूवर पुरुषभर उंच नेल्या, आणि वाया जाणारे निरोप एका दिवसांत थांबले. बांबूस विजेचा खर्च नाहीं.

आतां जो मुद्दा मला, कारकून म्हणून, सर्वांत जवळचा वाटला तो सांगतों. घराजवळचें पहिलें ठाणें सगळ्यांचे निरोप वाहतें. सातवें एक निरोप पाठवितें. सहावें स्वतःचा व सातव्याचा मिळून दोन. पहिलें सात पाठवितें व सहा घेतें. एका फेरींत एकंदर अठ्ठावीस पाठवण्या झाल्या, आणि पहिलें ठाणें सर्वांआधीं मेलें. तें मेलें कीं मागचीं सहा जिवंत असून मुकीं. हमरस्त्यालगतच्या गांवावर येत्याजात्याचा भार पडावा तसेंच हें आहे.

यावर उपाय म्हणजे गोषवारा. तलाठ्यानें गांवांतील प्रत्येक सातबाऱ्याची नक्कल तालुक्यास पाठवावी अशी कोणी आज्ञा केली नाहीं. गांवाचा गोषवारा मंडळाकडे, मंडळांचा तालुक्याकडे, असेंच दप्तर चालत आलें आहे. ठाण्यांनींही तसेंच करावें. सहाव्यानें सातव्याचा आंकडा आपल्या निरोपांत गुंफावा, पांचव्यानें दोहोंचा, आणि प्रत्येकानें एकच निरोप पुढें द्यावा. अठ्ठाविसांच्या सात पाठवण्या झाल्या. निरोप थोडा लांबतो, पण यंत्र जागें करण्याचा खर्च निरोपाच्या लांबीपेक्षां जड असल्यामुळें तो परवडतो. पातळीचे आंकडे तर सगळे धाडण्याचीही गरज नसते. सर्वांत उंच कोणता व कोठला, एवढें कळलें कीं मनुष्य कोणत्या बांधाकडे धांवावें तें ठरवितो. गणकयंत्राची विचार करण्याची किंमत यंत्राच्या एका हांकेपुढें क्षुल्लक आहे.

ठाणीं एका ओळींत नसून शेतभर पसरलेलीं असतील तेथें आणखी एक युक्ति आहे. एम्. आय्. टी. या अमेरिकन संस्थेंत वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरि बालकृष्णन यांनीं २००० सालीं ती मांडली. तिघांपैकीं दोन नांवें आपल्याकडचीं आहेत हें वाचून बरें वाटलें. शेजारच्या ठाण्यांचा एक जमाव करावयाचा, त्यांतून एकानें पुढारी होऊन सर्वांचा गोषवारा मुख्य ठाण्याकडे धाडावयाचा, आणि हें जड काम एकाच्याच माथीं न मारतां पाळीपाळीनें फिरवावयाचें. वतनी पाटीलकी होती तेव्हां भाऊबंदांत ती अशीच पाळीनें चाले. १९६२ च्या कायद्यानें पाटीलकी गेली, पण जुन्या दप्तरांत त्या पाळ्यांचे तक्ते अजून सांपडतात. फरक इतकाच कीं, पाटीलकीच्या पाळीसाठीं भाऊ भांडत, आणि येथें ती टाळण्यांत हित आहे.

आपल्या राज्यांत या ठाण्यांचा शेतीवर पद्धतशीर प्रयोग झाला तो नाशिकास. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेनें, म्हणजे पवईच्या आय्. आय्. टी.नें, या शतकाच्या पहिल्या दशकांत सुला द्राक्षमळ्यांत ‘ॲग्रीसेन्स’ नांवानें तो केला. उष्णता, हवेंतील दमटपणा, जमिनीची ओल व पानांवरील दंव मोजून केवड्यासारख्या रोगाचा संभव आधीं कळावा हा हेतु. शेजारच्या कर्नाटकांत पावगड तालुक्यांत चन्नकेशवपुर येथें कोरडवाहू शेतकऱ्यांसाठीं बंगळूरच्या विज्ञान संस्थेनें स्वित्झर्लंडच्या लोझान येथील तंत्रसंस्थेसह असाच प्रयत्न केला. द्राक्षबागेचा मालक सेल बदलण्यास माणूस ठेवूं शकतो. खारबांधावर चिखलांतून सात ठिकाणीं जाऊन सेल बदलणें आषाढांत काय असतें तें आपण जाणतां.

यावर कोणी म्हणेल, आतां लांब पल्ल्याचीं ‘लोरा’ जातीचीं यंत्रें निघालीं आहेत; तीं मोकळ्या मैदानांत कांहीं किलोमीटर एकाच उडींत जातात, आणि त्यांच्या लहरींस आपल्या देशांत परवाना लागत नाहीं; मग टप्प्यांची कटकट कशाला? ही सूचना अगदीं रास्त आहे. ज्याचें घर बांधावरून दिसतें व मधें टेंकडी, इमारत किंवा दाट तिवरें नाहींत, त्यानें टप्प्यांच्या वाटेस जाऊंच नये. मात्र त्या यंत्राची सर्वांत लांबची चाल फार मंद असते. वीस अक्षरांच्या निरोपास एक सेकंदाहून अधिक वेळ लागतो, जवळच्या जलद चालीस त्याचा विसावा हिस्सा पुरतो. आणि बोलण्याचा प्रत्येक क्षण सेलांतून जातो. आमच्याकडे मधें टेंकाड असल्यामुळें आम्ही टप्पे ठेविले, पण सातांचे चार केले.

शेवटीं मौनाची गोष्ट. ‘पाणी चढलें तरच बोल’ हा नियम विजेच्या दृष्टीनें उत्तम आणि बांधाच्या दृष्टीनें घातक आहे, कारण मेलेलें ठाणें व निश्चिंत ठाणें दोन्ही सारखींच मुकीं. आतां प्रत्येक ठाणें दर सहा तासांनीं ‘मी आहें, सेल इतका उरला’ एवढा निरोप गोषवाऱ्यांत घालून पाठवितें. दिवसाकांठीं चार निरोपांचा खर्च हिशेबांत दिसतही नाहीं. एक पाळी चुकली कीं मोबाइल वाजतो, व कंदील घेऊन जाण्याची आठवण होते.

जागरणाचे तास आम्ही तिथीवर बसविले आहेत. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, हें येथील पोरासोरांसही ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेस ती दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या आसपास येते. उघाडीवरील ठाणें भरतीच्या आधीं एक तास व नंतर एक तास दर दोन मिनिटांनीं पाणी पाहतें. ओहोटींत तासांतून एकदां, आणि अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत त्याहूनही विरळ. त्या चिमुकल्या यंत्रास पंचांग शिकविण्यास भाच्यास दोन संध्याकाळ लागल्या.

घराजवळच्या पहिल्या ठाण्यास दोन मोठे सेल व तळहाताएवढा सूर्यपत्रा बसविला आहे. इतरांस पूर्वींचेच सेल. यंदा ज्येष्ठांत घातलेले सेल आश्विनांत भाच्यानें तपासले, तेव्हां उघाडीवरच्या ठाण्यांत निम्म्याहून थोडी अधिक वीज शिल्लक निघाली. मधल्या एका पेटीच्या जोडांवर मात्र खाऱ्या हवेनें हिरवट बुरशी धरली होती. तिला ग्रीस लावून झांकण पुन्हां आवळलें आहे.